दारात कोण आलं?

मार्गशीर्ष लागला की कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर महालक्ष्मीव्रताच्या पोथ्यांचे ढीग लागतात. शेजारी वेण्या, पाच फळांच्या पिशव्या, डहाळ्यांच्या जुड्या आणि कलशाला लावायचे देवीचे मुखवटे. गुरुवारी तिन्हीसांजेला आमच्या पेठेत एकाच वेळी तीन-चार घरांतून ती कहाणी ऐकू येते. एका घरात राजा राज्य गमावत असतो, तेवढ्यात शेजारच्या घरात त्याला ते परत मिळालेलं असतं. करवीरची अंबाबाई म्हणजे विष्णूची लक्ष्मी की नाही, हा वाद कोल्हापुरात चहाच्या गाड्यावरही निघतो आणि निघाला की लवकर मिटत नाही, त्यामुळं तो इथं नको.

मी नोकरीभर यंत्रमागांच्या इचलकरंजीतल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवलं. अभ्यासक्रमात डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची ‘द मंकीज पॉ’ ही १९०२ सालची गोष्ट असायची. सकाळी वर्गात माकडाचा पंजा आणि गुरुवारी संध्याकाळी घरी पाटावर बसून पोथीतली शामबालेची कहाणी, असं बरीच वर्षं चाललं. दोन्ही गोष्टी मागितलेलं मिळण्याच्या, आणि दोन्हींत खरी घडामोड दारात होते. कोण आलं, कशासाठी आलं आणि घरातल्या बाईनं त्याला काय म्हटलं, एवढ्यावर सगळं उलटंसुलटं होतं. मला वाटतं, जुनी गोष्ट आणि आधुनिक गोष्ट यांतला फरक बघायचा तर देणगी बघू नये, दार बघावं.

आधी कहाणी. सौराष्ट्रात भद्रश्रवा नावाचा राजा, त्याची राणी सुरतचंद्रिका, सात मुलगे आणि शामबाला नावाची एक मुलगी. महालक्ष्मी म्हातारीचं रूप घेते, हातात काठी धरते आणि राजवाड्याच्या दाराशी येते. अडवणाऱ्या दासीला ती सांगते, मी द्वारकेची कमलाबाई, तुझ्या राणीला भेटायला आले. आता यापुढचा भाग असा आहे की वाचणाऱ्या बायका तो भरभर उरकतात. म्हातारी दासीला सांगते की ही तुझी राणी मागच्या जन्मी एका वैश्याची बायको होती. दारिद्र्य होतं, नवरा मारायचा. कंटाळून ती घर सोडून रानात गेली. तिथं तिला महालक्ष्मीचं व्रत कळलं, तिनं ते केलं आणि तिचे दिवस पालटले. म्हणजे कहाणी सुरू होते तेव्हा राणीची इच्छा पूर्ण होऊन एक जन्म उलटलेला असतो. जिनं मागितलं तिला मिळालं, आणि मिळाल्यावर ती मागण्याचे दिवस विसरली. गोष्ट आहे ती त्या विसरण्याची.

राणी चिडून बाहेर येते, म्हातारीला घालवून देते. बाहेर पडताना म्हातारीला शामबाला भेटते. ती पाया पडते, आईच्या वतीनं माफी मागते, आणि व्रत तिच्याकडं येतं. पुढं तिचं मालाधर राजाशी लग्न होतं, इकडं भद्रश्रव्याचं राज्य जातं. लेकीकडं गेलेल्या बापाला ती मोहरांनी भरलेला हंडा देते. घरी येऊन उघडतात तर कोळसे. मग राणी स्वतः लेकीकडं जाते, तिथं तिच्या हातून व्रत होतं आणि राज्य परत मिळतं. एवढं होऊनही शामबाला माहेरी येते तेव्हा तिला कुणी विचारत नाही, कारण कोळशाचा राग अजून असतो. ती रिकामा हंडा मिठानं भरते आणि सासरी निघते. माहेराहून काय आणलंस, असं नवरा विचारतो. ती काही बोलत नाही. त्या दिवशी सगळा स्वयंपाक अळणी करते, आणि नवरा जेवायला बसल्यावर पानात मीठ वाढते. राज्याचं सार आणलं, म्हणते.

कुठल्याही इच्छापूर्तीच्या गोष्टीत एवढा सुगरणीचा शेवट मी वाचलेला नाही.

आता जेकब्ज. इंग्लंडातल्या एका आडबाजूच्या घरात म्हातारा व्हाइट आणि त्याचा मुलगा हर्बर्ट बुद्धिबळ खेळत बसलेत, बाहेर पाऊस, आई शेकोटीजवळ विणत बसलेली. मॉरिस नावाचा जुना सार्जंट-मेजर भेटायला येतो. हिंदुस्थानात एकवीस वर्षं काढलेला. त्याच्या खिशात माकडाचा वाळका पंजा असतो. एका फकिरानं त्यावर मंत्र घातलाय: तीन माणसांना प्रत्येकी तीन इच्छा. माणसाचं आयुष्य दैवाच्या हाती आहे आणि त्यात ढवळाढवळ करणारा पस्तावतो, हे त्या फकिराला दाखवून द्यायचं होतं. (गूढ काही हवं असलं की त्या काळचा इंग्रज लेखक हिंदुस्थानाकडं बोट दाखवायचा. विल्की कॉलिन्सनं दाखवलं, कॉनन डॉयलनं दाखवलं. फकीर आपला, भीती त्यांची.) मॉरिस पंजा शेकोटीत टाकतो, व्हाइट तो झटकन उचलतो. काय मागावं हेही त्याला सुचत नाही, कारण हवं ते सगळं आहे. मग मुलगाच सुचवतो की दोनशे पौंड मागा, घराचं देणं फिटेल.

माझ्या वर्गातल्या पोरांची मान इथं वर व्हायची. घराचं कर्ज त्यांना समजत होतं.

दुसऱ्या दिवशी हर्बर्ट कामावर जातो. दुपारी खिडकीतून आईला एक अनोळखी माणूस दिसतो. चांगले कपडे, चकचकीत रेशमी हॅट. फाटकाशी तीनदा थबकतो, चौथ्यांदा आत येतो. आई घाईघाईनं अंगावरचा एप्रन सोडून खुर्चीच्या गादीखाली सारते, कारण मोठ्या घरचा माणूस दिसतोय आणि तिच्या डोक्यात दोनशे पौंड घोळतायत. माणूस बसतो, बोलत नाही, खाली वाकून पँटवरचा कापसाचा एक धागा टिपतो. मग सांगतो की आपण मॉ अँड मेगिन्स कंपनीकडून आलोय. मुलगा यंत्रात सापडला. कंपनी कुठलीही जबाबदारी मानत नाही, तरी त्याच्या सेवेची जाण ठेवून काही रक्कम देऊ इच्छिते. किती, असं म्हातारा विचारतो. दोनशे पौंड.

त्या कापसाच्या धाग्यावर मी कधी थांबले नव्हते. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, सूतगिरणी असणार ओ ती. सुताच्या खात्यात उभारलं की पँटला धागं लागतातच.” मॉ अँड मेगिन्समध्ये काय बनत होतं हे जेकब्ज कुठंच सांगत नाही, तो धागा नुसत्या संकोचाचा असेल. पण ज्याचा बाप माग चालवतो, ज्याची आई कांड्या भरते आणि जो स्वतः सुट्टीत सुताला खळ लावायच्या सायझिंगला जातो, त्याला तो धागा वेगळा दिसणारच. दुसऱ्यानं हिशेब मांडला. त्या काळी पौंड पंधरा रुपयांना होता, म्हणजे तीन हजार. “एका माणसाचं तीन हजार?” असं त्यानं विचारलं, आणि पंजा, फकीर, मंत्र हे सगळं बाजूला पडून तास नुकसानभरपाईवर गेला.

तो तास चुकीच्या दिशेला गेला असं मला तेव्हाही वाटलं नाही. इंग्लंडात कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १८९७ साली झाला होता. कामगार मेला तर त्याच्यावर पूर्ण अवलंबून असलेल्या माणसांना त्याचा तीन वर्षांचा पगार किंवा १५० पौंड, यांतलं जे जास्त असेल ते द्यायचं, पण ३०० पौंडांच्या वर नाही. गोष्टीतले दोनशे या दोन आकड्यांच्या दरम्यान बसतात. म्हणजे कंपनी उदारपणाच्या सुरात जे देतेय ते कायद्याच्या मापातलंच आहे. जेकब्ज स्वतः वीसेक वर्षं पोस्टाच्या सेव्हिंग बँकेत कारकून होता, असल्या रकमा आणि असली भाषा त्याच्या हाताखालून गेलेली. त्यानं भुताच्या गोष्टीत चमत्कार एकाही ठिकाणी उघडा पडू दिला नाही. पंजा हातात वळवळला, एवढंच म्हातारा म्हणतो. पैसे आले ते रीतसर, कंपनीच्या माणसाच्या हातून.

गाइडमध्ये या गोष्टीचं तात्पर्य एका ओळीत छापलेलं असायचं: लोभ वाईट. पेपरात पोरं तेच उतरवायची आणि मला ते पटायचं नाही. लोभाची गोष्ट बघायची तर ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातली कोळ्याची बायको बघावी. तिला झोपडीचं घर हवं, घराचा वाडा, मग राणीपद, सम्राज्ञीपद, पोपपद आणि शेवटी देवपण. प्रत्येक मागणीला समुद्राचा रंग अधिक काळा होतो आणि अखेर ती पुन्हा झोपडीत येते. तिथं लोभ म्हटलं तर चालेल. व्हाइट कुटुंबानं मागितलं काय, तर घराचं देणं फिटण्यापुरते पैसे.

त्यापेक्षा व्हाइट जवळचा वाटतो तो आपल्या पंचतंत्रातल्या मंथरक विणकराला. पाचव्या तंत्रात त्याची गोष्ट आहे. मागाचं लाकूड मोडलं म्हणून तो समुद्रकाठचं शिसवीचं झाड तोडायला जातो. झाडात राहणारा व्यंतर म्हणतो, झाड सोड आणि वर माग. न्हावी मित्र सांगतो, राज्य माग. बायको म्हणते, राज्याची दगदग कशाला? तू रोज एक वस्त्र विणतोस, त्यात घर चालतं. आणखी दोन हात आणि एक डोकं माग, म्हणजे पुढं एक आणि पाठीमागं एक अशी दोन वस्त्रं निघतील. एकावर घर चालेल, दुसऱ्यावर जातभाईंत मान राहील. तो तसा वर मागतो, मिळतो, आणि चार हात नि दोन डोकी घेऊन गावात शिरल्याबरोबर लोक राक्षस समजून काठ्या-धोंड्यांनी त्याला मारून टाकतात. पंचतंत्रवाला त्याला मूर्ख ठरवून मोकळा होतो. इचलकरंजीत ही गोष्ट सांगताना मात्र तसं मोकळं होता येत नाही. तिथं १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, जेकब्जचा हर्बर्ट यंत्रात सापडल्यावर दोनच वर्षांनी. त्या गावात एक माणूस चार माग बघतो, कधी सहा, कधी आठ. व्यापाऱ्याचं सूत, दुसऱ्याचा हिशेब आणि रात्रपाळी. मंथरकाच्या बायकोनं मागितलेले जादा हात तिथं घरोघर लागतात, फक्त माणसाला जादा डोकं आणि डोळे मिळालेले नाहीत. धोटा उडून लागला की ते कळतं.

आता दाराकडं वळू. कहाणीतली म्हातारी फाटक्या लुगड्यात येते आणि राणी तिला हाकलते; इथं निदान राणीच्या हातात काहीतरी होतं. पाट मांडला असता, पाणी दिलं असतं, तर राज्य गेलं नसतं. देणारी स्वतः दारात उभी आहे, तिला विचारता येतं, तिच्याशी भांडता येतं, तिची माफी मागता येते. अट आधीच सांगितलेली असते: उतायचं नाही, मातायचं नाही, घेतलेला वसा टाकायचा नाही. चुकलं तरी पुढचा गुरुवार आहे, पुढचा मार्गशीर्ष आहे. व्हाइटबाईच्या दारात आलेला माणूस नीटनेटका आहे, आणि तिनं त्याला बसवलं, एप्रन लपवला, मान दिला. तिचं कुठंच चुकलं नाही. चुकायला तिला जागाच नव्हती, कारण सगळं सकाळीच होऊन गेलं होतं. शिवाय येणारा हा देणारा नव्हे. फकीर कुठं आहे कुणाला माहीत नाही, मॉरिस निघून गेला, मॉ अँड मेगिन्सचे मालक गोष्टीत येतच नाहीत. रागवायचं तर कुणावर? आणि हप्त्याभरानं रात्री दारावर पुन्हा थाप पडते. बाईच्या हट्टानं म्हाताऱ्यानं मुलाला परत मागितलेलं असतं. ती कडी काढायला धावते, तो जमिनीवर पंजा चाचपडत तिसरी इच्छा उच्चारतो, आणि दार उघडतं तेव्हा बाहेर रिकामा रस्ता असतो. तीन संपल्या. कहाणीत वसा दरवर्षी नवा होतो, पंज्याला उजळणी नाही.

देणारा समोर असणं आम्हा कोल्हापूरकरांना नवीन नाही. आम्ही राहतो तेच एका पुरवलेल्या इच्छेत, आणि तीही राक्षसाच्या. दंतकथा अशी की कोल्हासुरानं देवीकडं शंभर वर्षं मागून घेतली, तेवढा काळ तिनं करवीर सोडून जावं म्हणून. देवी गेली, मुदत संपल्यावर आली आणि तिनं त्याला मारलं. मरताना त्यानं मागितलं की या गावाला माझं नाव राहू दे. देवीनं ते दिलं. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोली टेकडीवर जाते, तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो आणि तुकडा मिळावा म्हणून झुंबड उडते. तो कोहळा म्हणजे कोल्हासुर. पालखी टेकडीवर का जाते, तर विजयाच्या आनंदात सखी त्र्यंबोलीला बोलवायचं राहिलं आणि ती रुसून तिथं जाऊन बसली, म्हणून. देवीलाही सखीच्या दारात जावं लागतं.

नवसाचंही तेच. जोतिबाला चैत्रात येणारा माणूस देवाला आधीच सांगून बसलेला असतो की पोरगं बरं झालं तर अनवाणी येईन, गुलाल-खोबरं उधळीन. किंमत मागणाऱ्यानं ठरवायची, ऐपत बघून ठरवायची. मोठ्यांनी बोललेला नवस पोराच्या गळ्यात येतो तेव्हा फजिती होते, त्यावर २००४ साली ‘नवरा माझा नवसाचा’ सारखा सिनेमा निघतो आणि आपण पोट धरून हसतो. पण तिथंही काय फेडायचं हे माहीत असतं. पंज्याच्या गोष्टीत इच्छा आपली आणि किंमत दुसऱ्यानं ठरवलेली, ती कळते वस्तू घरात आल्यावर. मला आधुनिक गोष्टीची खूण हीच वाटते. यंत्र, कंपनी, शहर हे नंतरचं.

इथवर वाचून मी पोथीच्या बाजूची आहे असं वाटेल. पूर्ण नाही. एका विद्यार्थ्याच्या बापाची दोन बोटं मागावर गेली. मी भेटायला गेले तर त्याची आई म्हणाली, “मागच्या मार्गशीर्षात तिसरा गुरुवार माझा राहिला ओ मॅडम. कांड्यांची रात्रपाळी होती.” ती बोटांचा हिशेब गुरुवाराशी लावत होती. कहाणीचा दोष इथं आहे. जिथं वागण्यावर सगळं फिरतं, तिथं काही वाईट झालं की माणूस आपलंच वागणं तपासत बसतो. मी तिला व्हाइटबाईची गोष्ट सांगितली, त्या बाईचं काही चुकलं नव्हतं हे मुद्दाम सांगितलं. तिला ते पटलं नाही. “काहीतरी चुकलं असणारच की,” म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

आपल्याकडं कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला, अंमल १९२४ पासून, आणि तोही ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. संस्थानांतल्या माणसाला तेव्हा त्याचा आधार नव्हता. त्याचं मूळ तत्त्व असं की अपघात कामावर आणि कामामुळं झाला का, हे बघायचं. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करत बसायची गरज नाही. नशेत असणं, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं असे काही अपवाद आहेत, बाकी दोष कुणाचा हा प्रश्न मागं ठेवलेला. कहाणी दोष विचारते, जेकब्ज दोष कुणालाच देत नाही, आणि हा कायदा दोषाचा विषय टाळून पैसे कोण देणार ते ठरवतो. तिन्हींपैकी बोटं गेलेल्या त्या माणसाच्या घरात त्या दिवशी उपयोगाची गोष्ट ही तिसरी होती.

पोथी वाचावी, आणि वाचताना राणीच्या मागच्या जन्माचं पान भरभर उरकू नये. जेकब्जची गोष्टही एका बैठकीत होते, पोरांना मराठीत सांगता येते. पण ओळखीच्या घरात कुणाला मागावर, गिरणीत, गुऱ्हाळावर अपघात झाला तर त्या घरच्या बाईला उपासतापास, गुरुवार विचारू नका. तारीख, वेळ, पाळी, मालकाचं नाव आणि तिथं हजर असलेल्या दोघांची नावं विचारा, आणि त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवायला लावा.